मध्यम शहरातले फूड ट्रक: कसे शोधता, कुठे खाता? अनुभव सांगा

मंडळी, हा धागा ना महानगरात ना खेड्यात राहणाऱ्या खवय्यांसाठी. महानगरात फूड ट्रक शोधावा लागत नाही, चालता चालता समोर येतो. लहान गावात एखादाच असतो आणि तो कुठे उभा राहतो हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. आपली गोची मधली आहे. गाड्या आहेत, चांगल्या आहेत, पण आज कुठे आहेत ते कळत नाही. शुक्रवारी जिथे हात चाटत खाल्लं, तिथे रविवारी नुसता मोकळा रस्ता! तर तुम्ही गाडी कशी हुडकता, कशावरून पारखता, काय आवडलं, काय खटकलं, सगळं लिहा. ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी तर जरूर लिहा. गाड्यांची नावं मात्र नकोत. जाहिरातही नको आणि बदनामीही नको.

* * *

माझा नियम सोपा आहे: फिरत्या गाडीच्या बाबतीत नकाशावर विश्वास ठेवायचा नाही. एका नामांकित गाडीच्या खुणेमागे गेलो तर थेट एका रहिवासी गल्लीत पोचलो. फाटकातल्या आजी म्हणाल्या, "ती सकाळीच गेली. इथे नुसती झोपायला येते." आजी हे रोज कुणाला ना कुणाला सांगत असणार, सुरावरून कळत होतं.

त्यापेक्षा इन्स्टाग्रामची स्टोरी बरी. ती २४ तासांत जाते, म्हणजे दिसतेय तोवर माहिती ताजी. साधी पोस्ट असेल तर तारीख बघा, गेल्या मोसमातलं वेळापत्रक अजून वर चिकटवलेलं असतं. आणि काहीच नसेल तर डोकं चालवा. माणसांना भूक आहे पण जवळ स्वयंपाकघर नाही, अशी जागा कुठली? पाळी सुटायच्या वेळी कारखान्यांचा भाग, कॅन्टीन नसलेल्या कचेऱ्या, सामन्याच्या दिवशी मैदान. गाडी सापडली की पैसे देतानाच विचारायचं, "उद्या कुठे?" बहुतेकांचे वार ठरलेले असतात, आपण विचारत नाही एवढंच.

* * *

मी रुग्णालयात रात्रपाळी करते. कॅन्टीन लवकर बंद होतं, मग बाहेरच्या गाडीवरच भिस्त. आम्हाला खाली उतरायला वेळ नसतो, म्हणून एकीने जायचं आणि सगळ्यांचं आणायचं. गाडीवाले दादा डब्यांच्या झाकणांवर मार्करने वॉर्डाचं नाव लिहून ठेवतात. आयसीयूचं आधी, कारण तिथली मुलगी परत पळणार हे त्यांना पाठ झालंय. पेशंटचे नातेवाईकही तिथेच उभे असतात. सकाळपासून पोटात काही नसलेला माणूस दादा चेहऱ्यावरून ओळखतात आणि त्याला रांगेतून पुढे घेतात. त्यावरून कुणी कटकट केलेली मी तरी ऐकली नाही. चवीचं विचाराल तर सूप उत्तम, बाकी ठीकठाक. पहाटे तीनला ठीकठाकसुद्धा पंचपक्वान्न लागतं.

* * *

ताई, तुमची गाडी फार जुन्या घराण्यातली आहे. १८७२ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने (कादंबऱ्या लिहिणारा नव्हे, तो वेगळा) घोडागाडीतून सँडविच, 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि कॉफी विकायला सुरुवात केली. उभी कुठे करायचा? वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर, रात्री! गिऱ्हाईक कोण, तर रात्रपाळीवाले. त्याच्या थोडं आधी, १८६६ मध्ये, टेक्सासात चार्ल्स गुडनाइटने गुरं हाकणाऱ्यांसाठी एका जुन्या लष्करी गाडीत खण-कप्पे बसवून फिरतं स्वयंपाकघर केलं होतं, पण ते आपल्याच माणसांपुरतं. धागाकर्त्यांनी विचारलेला "आज कुठे?" हा प्रश्न मात्र अलीकडचा. लॉस एंजेलिसमधल्या 'कोगी' नावाच्या फूड ट्रकने २००८ पासून आपला ठावठिकाणा ट्विटरवर टाकायला सुरुवात केली आणि कोरियन पद्धतीचं मांस घातलेल्या टाकोसाठी (घडी घातलेली मेक्सिकन पोळी) लोक गाडीचा माग काढत जाऊ लागले.

* * *

माझी गाडी आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी 'फिरता कशाला, एका जागी का उभे राहत नाही?' याचं उत्तर. महानगरातल्या चौकात रोज नवी माणसं येतात. आमच्याकडे तीच माणसं. तोच पदार्थ किती वेळा खातील? सोमवारच्या जागी मी मंगळवारीही उभा राहिलो तर गल्ला निम्म्यावर येतो. म्हणजे गाडी तुमच्यापासून लपत नाही हो, तुम्हाला पुन्हा भूक लागायची वाट बघत दुसरीकडे थांबलेली असते. त्यात परवानगीच्या भानगडी, जनरेटरच्या आवाजावरून शेजाऱ्यांच्या तक्रारी, आणि पाऊस. पाऊस आला की गिऱ्हाईक गायब, आणि चिरून-मुरवून ठेवलेला माल आमच्या गळ्यात.

चिरणं, वाटणं, मुरवणं सगळं बेस किचनमध्ये, म्हणजे गाडीबाहेरच्या आमच्या स्वयंपाकघरात होतं, गाडीत फक्त शेवटचा हात फिरतो. आत मी तव्यापाशी, बायको खिडकीशी. तिला फ्रिज उघडायचा असला की मी पोट आत घेतो. पाणी टाकीत मावेल तेवढंच. सांडपाण्याची टाकी वेगळी, ती भरली की धंदा बंद, मग समोर रांग कितीही असो. म्हणून आमचा मेनू चार ओळींचा. एवढ्याशा गाडीवर चाळीस पदार्थांची यादी दिसली तर मी स्वतः पुढे जातो. तेवढा माल ताजा ठेवायला जागाच नसते. 'संपलं' अशी पाटी दिसली तर वाईट वाटून घ्या, पण दुसऱ्या दिवशी लवकर या, ती गाडी चांगली आहे.

आणि रांगेतल्या लोकांना हात जोडून सांगणं: तव्यावर एका वेळी मावतं तेवढंच होतं. पुढच्या माणसाने मागवलंय तेच घेतलंत तर एका घाण्यात निघतं. प्रत्येकाला कांदा नको, तिखट वेगळं, अर्धं बांधून, असं हवं असेल तर करून देतो, फक्त मग घड्याळ दाखवायचं नाही.

* * *

अन्नतंत्रज्ञान शिकलेय म्हणून थोडं रुक्ष. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न त्या पट्ट्यात दोन तासांवर राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भाताकडे खास लक्ष द्या. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते कामाला लागतात. वाफ निघत नसेल तर मी भात घेत नाही. हातमोजे बघून भुलू नका. त्याच मोज्याने पैसे घेऊन त्याच मोज्याने पाव उचलला की मोजा असून नसून सारखाच. हात धुवायचा नळ चालू आहे का, ते बघा.

ॲलर्जीवाल्यांनी आणि शाकाहारींनी फ्रायर एकच आहे का हे विचारावंच. तापलेल्या तेलात ॲलर्जीचे घटक नाहीसे होत नाहीत.

* * *

फूड ट्रकांचे मेळावे? नको रे बाबा. एकेका घासाला तासभर रांग, बसायला जागा नाही, आणि गर्दीला पुरवायचं म्हणून तीच गाडी तिथे हात आखडून वाढते. आडवारी दुपारी जा, गाडीवाला गप्पा मारायला मोकळा असतो.

* * *

माझा अनुभव चवीचा नाही, उंचीचा आहे. मी व्हीलचेअर वापरतो. बहुतेक गाड्यांची खिडकी माझ्या डोक्याच्या वर, मेनूची पाटी त्याहून वर. मागचा माणूस माझ्या डोक्यावरून ऑर्डर देऊन मोकळा होतो, आतल्याला मी दिसतच नाही. एका गाडीवर "बरोबर कोणी नाही का?" असं विचारलं. भूक मला लागली होती, बरोबरच्याला नाही. उलट एका ठिकाणी मेनूची प्रत खाली, चाकाच्या वर चिकटवलेली आहे आणि तिथली बाई ऑर्डर घ्यायला दरवाजातून उतरून येते. माझा सगळा मित्रपरिवार आता तिथेच खातो. गाडीवाले भाऊ वाचत असतील तर विचार करा.

* * *

वाचतोय दादा. गाडीच्या बाजूला घडी घालता येईल अशी फळी टाकायचं वेल्डरशी बोललो. तो उंची विचारतोय. बसल्या जागेवरून हात सहज पोचेल असं माप कळवाल का? चाक खाली शिरायला किती जागा सोडू, तेही सांगा.