नुसत्या बिया काढून भागत नाही
काकडीच्या बिया काढल्या की चिकनच्या कोशिंबिरीला पाणी सुटत नाही, असं एका पाककृतीत वाचलं. मला अर्धंच पटलं. काकडीत जवळपास ९५ टक्के पाणीच, मीठ लागलं की ते सुटणारच. मग आधीच सोडवून घ्या ना! मी चकत्यांना मीठ चोळून १५ मिनिटं चाळणीत ठेवते आणि मुठीत घट्ट पिळते. चार काकड्यांचं अर्धी वाटी पाणी सहज निघतं, ते मठ्ठ्यात जातं. उकडलेलं चिकन पूर्ण गार झाल्यावरच तोडून काकडीत घालायचं, नाहीतर काकडी लिबलिबीत होते. वरून लिंबू, हिरवी मिरची, मूठभर सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर) आणि जवसाची चटणी.

आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा कालवलेलं तासाभरात संपवाच. चिकन आहे, बाहेर राहू देऊ नका.