भाचीला मालिकेत काम करू द्यावं का? ('प्रेमरोग' बघून पडलेला प्रश्न)

रंकाळा_कट्टेकरी
रविवारी घरात 'प्रेमरोग' (१९८२) लागला होता. आई म्हणाली, "ही नंदा आपल्या कोल्हापूरची, मास्टर विनायकांची पोरगी." सिनेमात तिच्या मुलीचं काम पद्मिनी कोल्हापुरेचं (आडनावावर जाऊ नका, जन्म मुंबईचा). दोघीही बालकलाकार. विनायक १९४७ ला गेले तेव्हा नंदा आठ वर्षांची. १९४८ च्या 'मंदिर'मध्ये ती 'बेबी नंदा' झाली. घरची चूल पोरीच्या जिवावर पेटली आणि आपण म्हणतो, काय नाव काढलं! माझी चौथीतली भाची इथल्या एका मालिकेसाठी निवडली गेलीय. बहिणीला मी सांगितलंय, नको.

तांबडा_पांढरा
भावा, नंदाचं ठीक, पण पद्मिनीचं काय वाईट झालं? 'सत्यम शिवम सुंदरम'मध्ये (१९७८) झीनत अमानचं लहानपण केलं, 'इन्साफ का तराजू'ला सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर, 'प्रेमरोग'ला थेट मुख्य अभिनेत्रीचं. पुढं टीव्हीवर दिसली, २०१९ ला 'पानिपत'मध्ये गोपिकाबाई झाली. चाळीस वर्षं टिकली की!

पेठेतली_आक्का
बक्षिसं कशाबद्दल मिळाली तेही सांगा की. 'इन्साफ का तराजू' १९८० चा, पद्मिनी १९६५ ची. त्यात तिच्यावर बलात्काराचा प्रसंग आहे. 'प्रेमरोग'मध्ये पुन्हा तेच, आणि तो लागला तेव्हा तिला सतरावंही पुरं झालं नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. आता नातीकडं बघते आणि तो सिनेमा लावायचं धाडस होत नाही.

लाल_माती
आक्का, तुमचा मुद्दा मान्य, पण ते लिहिणाऱ्या-दाखवणाऱ्यांचं पाप. मुलांनी कामच करू नये हे कुठून आलं? आमच्या तालमीत सहा वर्षांची पोरं पहाटे पाचला लंगोट लावून हौद्यात उतरतात. तेव्हा कुणाला बालपण आठवत नाही, उलट दुधाचा रतीब वाढवतात!

पेठेतली_आक्का
तालमीतलं पोरगं सातला घरी येऊन शाळेला जातं बाबा. आणि त्याच्या कुस्तीवर घरातलं भाडं भागत नसतं.

सेटवरचा_बाप
माझ्या मुलानं तीन महिने एका मालिकेत काम केलं. सकाळी सातला मेकअप करून बसवायचे, सीन लागायचा चारला. दप्तर सोबत न्यायचो, ते उघडलंच नाही. नियम मला नंतर कळले: दिवसाला पाचच तास, सलग तीनपेक्षा जास्त नाही, २७ दिवसांच्या वर सलग काम नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि कमाईतले निदान २० टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. २०१७ पासून आहेत हे. मला कुणी दाखवले नाहीत, मीही विचारले नाहीत. पोरगं मात्र अजून विचारतंय, परत कधी जायचं?

तांबडा_पांढरा
मग झालं की! पोराला आवडलंय.

सेटवरचा_बाप
त्याला वडापावही आवडतो, म्हणून रोज तीन वेळा देत नाही.

रंकाळा_कट्टेकरी
बहिणीला हे सगळं वाचून दाखवलं. ती परवानगीचा कागद मागणार आहे. नाही दिला तर मोकळं. भाची शेजारीच होती. मालिकेत तिचा आजोबा वारणार आहे म्हणे. तिनं एवढंच विचारलं, "मामा, डोळ्यांत औषध घालून रडायचं का खरं रडायचं?"