स्रोतापासून ऑपरेटरची इमेज बांधली, पण पॉड उभाच राहत नाही

प्रश्न

आम्ही कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी व्यवस्था) एक मुक्तस्रोत ऑपरेटर, म्हणजे क्लस्टरमधली कामे आपोआप सांभाळणारा प्रोग्राम, वापरतो. तो गो भाषेत, कुबबिल्डर या ऑपरेटर लिहिण्याच्या साधनाच्या साच्यावर लिहिलेला आहे. त्याच्या रिकन्साइल फंक्शनमध्ये (प्रत्यक्ष स्थिती हव्या त्या स्थितीशी जुळवणाऱ्या) एक लहानशी दुरुस्ती आम्हाला हवी होती आणि मूळ प्रकल्पात ती स्वीकारली जाईपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून रिपॉझिटरी फोर्क केली, क्लस्टरमध्ये (नोड म्हणजे यंत्रांच्या समूहात) जी आवृत्ती चालू आहे तिच्याच टॅगवरून शाखा काढली आणि स्वतःची इमेज (कंटेनरचा तयार गठ्ठा) बांधली. ‘मेक डॉकर-बिल्ड’ आणि ‘मेक डॉकर-पुश’ विनातक्रार पार पडले. ‘मेक डिप्लॉय’ केल्यावर मात्र पॉड (कंटेनर चालवण्याचे एकक) क्रॅशलूपबॅकऑफमध्ये जातो, म्हणजे पुन्हा पुन्हा कोसळतो, आणि लॉगमध्ये ‘एक्झेक /मॅनेजर: एक्झेक फॉरमॅट एरर’ एवढी एकच ओळ दिसते. माझा लॅपटॉप एम२ चिपचा मॅक आहे आणि क्लस्टरचे नोड इंटेलचे आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

कारण तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच आहे. प्लॅटफॉर्म सांगितला नाही, तर डॉकर बिल्ड करणाऱ्या यंत्राचीच रचना गृहीत धरतो, त्यामुळे तुमच्या इमेजमधली मॅनेजर ही बायनरी एआरएम६४ची (तुमच्या मॅकची रचना) झाली आणि एएमडी६४ (इंटेल चिपचीही हीच रचना) नोडला ती चालवता येत नाही. ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४’ एवढे दिले तरी काम होईल, पण मग गोचा कंपायलरही अनुकरणाखाली, म्हणजे दुसऱ्या चिपची नक्कल करत चालतो आणि बिल्ड फार रेंगाळते.

त्यापेक्षा डॉकरफाइलमधल्या पहिल्या टप्प्याच्या ‘फ्रॉम’ ओळीत प्लॅटफॉर्म म्हणून ‘बिल्डप्लॅटफॉर्म’ हे चल द्यावे आणि ‘गोआर्च’ला ‘टार्गेटआर्च’ची किंमत मिळू द्यावी. साच्यात ‘सीगो_एनेबल्ड’ शून्य ठेवलेले असते, त्यामुळे सीचा कंपायलर मध्ये येत नाही आणि गो दुसऱ्या रचनेसाठी आपल्या मूळ वेगाने बायनरी तयार करतो. मेकफाइलमधले ‘डॉकर-बिल्डएक्स’ हे लक्ष्य नेमके हेच करते. बहुतेक जण ते उघडून पाहतच नाहीत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आभारी आहे, पॉड उभा राहिला. परंतु आता वेगळेच कोडे पडले आहे. त्यानंतर मी लॉगची एक ओळ बदलून, त्याच टॅगने इमेज पुन्हा बांधून रजिस्ट्रीत (इमेजच्या साठ्यात) ढकलली, पॉड काढून टाकला, नवा पॉड आला, आणि तरीही लॉगमध्ये जुनीच ओळ येते.

उत्तर २

टॅग तोच ठेवलात, हीच अडचण आहे. इमेज ओढण्याचे धोरण स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ‘लेटेस्ट’ टॅगसाठी किंवा टॅगच नसल्यास ते ‘ऑलवेज’ असते आणि इतर कोणत्याही टॅगसाठी ‘इफनॉटप्रेझेंट’. नोडवर त्या नावाची इमेज आधीच पडून आहे, म्हणून क्यूबलेट (नोडवर कंटेनर चालवणारा घटक) रजिस्ट्रीकडे फिरकतही नाही. पॉडच्या स्थितीतील ‘इमेजआयडी’ पाहा: तिथला शा२५६ डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून निघणारा ठसा) रजिस्ट्रीतल्या डायजेस्टशी जुळणार नाही. धोरण ‘ऑलवेज’ करण्यापेक्षा प्रत्येक बिल्डला गिट कमिटचा छोटा हॅश टॅग म्हणून द्यावा असे माझे ठाम मत आहे. टॅग बदलला की डिप्लॉयमेंटचा (पॉड किती आणि कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नोंदीचा) पॉड-साचाही बदलतो आणि रोलआउट आपोआप होते. पॉड हाताने मारावा लागत नाही.

उत्तर ३

दोन गोष्टी जोडतो. दुरुस्ती करताना परवानग्यांच्या मार्कर-टिप्पण्या किंवा एपीआयच्या स्ट्रक्टमधली फील्ड बदलली असतील, तर नुसती इमेज पुरणार नाही. ‘मेक मॅनिफेस्ट्स’ चालवून नवी सीआरडी (ऑपरेटरच्या स्वतःच्या वस्तूप्रकाराची व्याख्या) आणि आरबॅकच्या, म्हणजे परवानग्यांच्या, भूमिका क्लस्टरमध्ये लावाव्या लागतील, नाहीतर नवी बायनरी ‘फॉरबिडन’ म्हणत बसेल. दुसरे, हा ऑपरेटर मुळात ओएलएममार्फत (ऑपरेटर बसवणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) बसवलेला असेल, तर डिप्लॉयमेंटमधली इमेज थेट बदलून उपयोग नाही. ओएलएम सीएसव्हीत (ऑपरेटरच्या आवृत्तीचे त्याच्याकडचे वर्णन) लिहिलेली इमेज काही क्षणांत परत आणतो.

इमेजच्या आत डोकावायला शेल शोधू नका. साच्याचा अंतिम टप्पा डिस्ट्रोलेस (फक्त प्रोग्रामला लागेल तेवढेच असलेली इमेज) आहे, तिथे शेल नाही. ‘क्यूबसीटीएल डीबग’ वापरावे. आणि सोयीसाठी पायाभूत इमेज बदललीत, तरी ‘यूझर ६५५३२:६५५३२’ ही ओळ अंकांतच ठेवा. तिथे वापरकर्त्याचे नाव लिहिले, तर ‘रनअ‍ॅजनॉनरूट’ची (कंटेनर रूट म्हणून चालू नये या अटीची) खात्री क्यूबलेटला करता येत नाही आणि तो कंटेनर सुरूच करत नाही. यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

ओएलएम आमच्याकडे नाही. कमिटच्या हॅशचा टॅग दिल्यावर नवी ओळ लॉगमध्ये दिसली आणि डायजेस्टही जुळला.