समांतर की एल? आधी दार कुठे आहे ते बघा

तुमचं स्वयंपाकघर ८ बाय १० फुटांचं आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना ओटा, म्हणजे समांतर मांडणी हवीय, असं तुम्ही लिहिलंय. दोन-दोन फुटांचे ओटे धरले की मधे ४ फूट उरतात. एकट्या माणसाला झकास, पण कुणी फ्रीज उघडला की पलीकडचा अडकलाच.

आमच्या सांगलीच्या घरात समांतरच आहे. गॅस एकीकडे, सिंक समोर. तांदूळ धुऊन वळलं की फरशीवर थेंबांची रांग, सासूबाईंची बोलणी वेगळी. शक्य असेल तर एल करा, म्हणजे कोपऱ्याला जुळणाऱ्या दोन भिंतींना सलग ओटा. समोरच्या भिंतीत बाल्कनीचं दार असेल तर मात्र समांतरला पर्याय नाही.

आणि हो, ओट्याची उंची मिस्त्रीवर सोडू नका. कोपरापासून चार-पाच इंच खाली हवी. आमचा ३४ इंची झाला. मी पाटावर उभी राहून भाकरी थापते!