इटरच्या निर्वात पात्राला दुहेरी भिंत कशासाठी?

प्रश्न:
नमस्कार. मी मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला असून प्रकल्पासाठी टोकामॅकच्या (तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवणाऱ्या, कड्याच्या आकाराच्या यंत्राच्या) निर्वात पात्रांच्या रचनेचा अभ्यास करत आहे. दक्षिण फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या इटर या आंतरराष्ट्रीय अणुसंलयन यंत्राच्या पात्राला स्टेनलेस स्टीलच्या, प्रत्येकी सुमारे 60 मिमी जाडीच्या दोन भिंती आहेत. हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण दहा टन भरतो. तो पेलण्यासाठी 120 मिमी जाडीची एकच भिंत घेतली असती, तर वेल्डिंग आणि तपासणी दोन्ही सोपे झाले नसते का?

उत्तर 1:
हवेच्या दाबापासून केलेली सुरुवात इथे दिशाभूल करते. इटरचे पात्र क्रायोस्टॅटच्या (संपूर्ण यंत्राला वेढणाऱ्या, थंडावा राखणाऱ्या मोठ्या टाकीच्या) आत बसते आणि क्रायोस्टॅटमध्येही निर्वातच असतो. त्यामुळे नेहमीच्या कामकाजात या भिंतीवर बाहेरून हवेचा दाब येतच नाही. मोठा भार येतो तो डिसरप्शनच्या, म्हणजे प्लाझ्मा अचानक कोसळण्याच्या वेळी. 15 मेगाअँपिअरपर्यंतचा प्लाझ्मा प्रवाह सेकंदाच्या लहानशा अंशात कोसळू लागला, की भिंतीत एडी करंट (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रेरित होणारे प्रवाह) निर्माण होतात, आणि प्लाझ्मा वर किंवा खाली सरकून भिंतीला टेकला तर त्यातला काही प्रवाह थेट तिच्यातूनच वाहू लागतो. प्लाझ्माच्या मध्याशी 5.3 टेस्ला असलेल्या चुंबकीय क्षेत्रात या प्रवाहांमुळे पात्रावर प्रचंड बल येते.

नुसती जाडी वाढवली तर भिंतीचा विद्युत रोध घटतो आणि प्रेरित प्रवाह वाढतात. म्हणून धातू तेवढाच ठेवून ताठरपणा वाढवावा लागतो. आपण स्वतः गणित करून पाहा: 60 मिमीच्या दोन प्लेटांमध्ये 300 मिमी अंतर ठेवून त्या फासळ्यांनी पक्क्या जोडल्या, तर 120 मिमीच्या एका प्लेटपेक्षा वाकण्याला होणारा विरोध सुमारे 27 पट होतो.

उत्तर 2:
वरच्या उत्तराला एक पुरवणी. दोन भिंतींमधली जागा रिकामी नसते. तिथून थंड करणारे पाणी फिरते आणि उरलेल्या जागेत बोरॉनयुक्त पोलादाचे ठोकळे बसवलेले असतात. ड्यूटेरियम-ट्रिटियम अभिक्रियेतील 14.1 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे न्यूट्रॉन ब्लँकेटमध्ये, म्हणजे पात्राच्या आतल्या संरक्षक आवरणात, बरेचसे अडतात. उरलेल्यांपासून चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या अतिवाहक कॉइलचे रक्षण करण्याचे काम या भरावाकडे असते. काही ठोकळे मुद्दाम चुंबकीय पोलादाचे आहेत, कारण पात्राभोवतीच्या 18 टोरॉइडल कॉइलमुळे क्षेत्रात पडणारी लहर (तीव्रतेतील चढउतार) ते कमी करतात. हे ठोकळे भारताने पुरवले आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

वेल्डिंगच्या अडचणीबद्दल मात्र आपली शंका रास्त आहे. पात्र प्रत्येकी 40 अंशांच्या नऊ भागांत बनते, आणि आलेल्या काही भागांच्या जोडकडांच्या मापांत तफावत आढळल्यामुळे तिथे भर घालून व तासून त्या दुरुस्त कराव्या लागल्या.

प्रश्नकर्ता:
म्हणजे लहान प्रायोगिक यंत्राला एकेरी भिंत चालेल?

उत्तर 1:
निश्चित चालेल. गांधीनगरजवळच्या आदित्य या लहान टोकामॅकसारख्या यंत्रात न्यूट्रॉनचा प्रश्न नसतो आणि पात्राबाहेर साधी हवा असते, म्हणून तिथे आपला दहा टनांचा हिशेब लागू पडतो. फक्त ताणाबरोबर बकलिंगही (दाबाने भिंत अचानक आत मुडपणे) तपासा, विशेषतः पोर्टसाठी (उपकरणे व पंप जोडण्याच्या तोंडांसाठी) कापलेल्या छिद्रांभोवती. वेल्ड निर्वाताच्या बाजूने अखंड घ्या आणि बाहेरून बळकटीसाठी लागलेच तर तुटक ठेवा. दोन्ही बाजूंनी अखंड वेल्ड घेतल्यास मधल्या पोकळीत अडकलेली हवा हळूहळू आत झिरपत राहते, आणि बाहेरून फवारलेला हेलियम तिथवर पोहोचतच नसल्याने गळती चाचणीत तो दोष सापडत नाही.