डिसेंबरअखेर नॉर्वेतलं ट्रॉम्सो की फिनलंडमधलं रोव्हानिएमी? सोबत सासूबाई आणि 10 वर्षांची लेक

मंजिरी_कोथरूड:
नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली आमच्या घरात नुसतं "एकदा नॉर्दर्न लाइट्स बघायचे" चाललंय. यंदा नवऱ्याला 25 डिसेंबर ते 3 जानेवारी सुट्टी आहे, लेकीची शाळाही बंद, आणि मेन म्हणजे सासूबाई (वय 69) स्वतःहून म्हणाल्या की मीही येते, आता नाही तर कधी. त्यामुळे आता मागे फिरायचं नाही असं ठरलंय.
नवऱ्याने बसून केलेला प्लॅन असा: हेलसिंकी 1 रात्र, तिथून रात्रीच्या ट्रेनने रोव्हानिएमी, तिथे 2 रात्री (लेकीला सांता भेटायला हवाय), मग ट्रॉम्सो 2 रात्री, लोफोटेन (नॉर्वेतली बेटं) 1, ओस्लो 2. मला हे जरा धावपळीचं वाटतंय पण तो म्हणतो एवढे पैसे घालून जातोय तर सगळं बघून येऊ.
शंका अशा की, एक तर डिसेंबरमध्ये तिकडे सूर्यच उगवत नाही म्हणे, मग दिवसभर हॉटेलात बसून काय करायचं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, चालतात हळूहळू पण चालतात, आणि अंडंसुद्धा खात नाहीत. थंडीचा आमचा अनुभव म्हणजे महाबळेश्वर आणि एकदा मनाली, तेव्हा कपडे काय घ्यायचे तेही सांगा. आणि हो, लाइट्स दिसतातच ना? जाऊन आलेल्यांनी किंवा तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

सह्याद्री_ते_ओस्लो:
मंजिरीताई, मी ओस्लोत 9 वर्षं आहे, त्यात दोन हिवाळे कामानिमित्त ट्रॉम्सोला काढलेत. सगळ्यात आधी तो प्लॅन फाडून टाका, नवऱ्याला माझं नाव सांगा :)
कारण सांगतो. ऑरोरा (म्हणजे हेच नॉर्दर्न लाइट्स) दिसायला दोन गोष्टी लागतात, वर आकाशात हालचाल आणि खाली ढग नसणं. हालचालीचं टेन्शन घेऊ नका, 2024 च्या सुमारास सूर्याच्या 11 वर्षांच्या चक्राचा जोर होता आणि तो काही एका रात्रीत ओसरत नाही, शिवाय ट्रॉम्सो ऑरोराच्या पट्ट्याच्या बरोब्बर खाली येतं, त्यामुळे केपी (या हालचालीचा आकडा) 1-2 असला तरी दिसतो, ॲपमध्ये केपी 5 ची वाट बघणारे लोक हॉटेलात झोपून राहतात आणि बाहेर आकाश हिरवं असतं. खरा प्रॉब्लेम ढगांचा. किनाऱ्यावरचं हवामान आहे, सलग दोन रात्री ढग राहणं अगदी नेहमीचं. म्हणजे प्रत्येक गावात 1-2 रात्री ठेवल्यात तर प्रत्येक ठिकाणी नव्याने जुगार, आणि त्यातली निम्मी संध्याकाळ बॅगा उचलण्यात. एकाच गावात 5 रात्री ठेवा, एक तरी रात्र मोकळी मिळायची शक्यता खूप वाढते. हमी कोणीच देऊ शकत नाही.
रोव्हानिएमी ते ट्रॉम्सो नकाशावर जवळ दिसतं पण रस्त्याने जवळपास 600 किमी आहे, बर्फात आख्खा दिवस जातो. लोफोटेन सुंदर आहे, पण एका रात्रीसाठी नाही आणि डिसेंबरमध्ये गुडघेवाल्या माणसाला घेऊन तर नाहीच.
आता अंधाराबद्दल. ट्रॉम्सोला 27 नोव्हेंबरच्या आसपास सूर्य जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजाच्या वर येत नाही, हे खरं. पण म्हणजे काळाकुट्ट अंधार नसतो हो! सकाळी साडेनऊ-दहापासून दुपारी दोनपर्यंत उजेड असतो, आपल्याकडे सूर्य उगवायच्या आधीचा जो असतो ना, तसा. आकाश मोकळं असलं तर दक्षिणेकडे गुलाबी आणि खाली बर्फ निळा. मला तर एप्रिलच्या उन्हापेक्षा हेच आवडतं. घराघरांच्या खिडकीत कागदी तारे आणि सात दिव्यांची कमान लावलेली असते, गाव अजिबात उदास वाटत नाही. आणि 21 जानेवारीला डोंगरामागून सूर्य परत दिसतो तेव्हा सगळे जॅम भरलेले गोल तळलेले बन खातात, सूलबोलर म्हणतात त्यांना, म्हणजे त्यांची संक्रांतच समजा. तुम्ही तोवर नसणार, असो.
दोन वाजता उजेड गेला की जेवून एक झोप काढायची, कारण रात्र जागायची आहे.

फिरस्ता_नाशिक:
वरच्या दादांशी सहमत पण रोव्हानिएमीची बाजू कोणीतरी मांडायला हवी. आम्ही जानेवारीत 3 रात्री होतो. ऑरोरा शून्य. तरी ट्रिप वाया गेली असं माझ्या मुलाला विचारलंत तर तो तुम्हाला वेड्यात काढेल. सांताचं गाव आर्क्टिक सर्कलच्या रेघेवरच आहे, आत जायला तिकीट नाही (फोटो, स्लेज वगैरेला घसघशीत पैसे), सगळीकडे कोरडा भुसभुशीत बर्फ, झाडं पांढरी. सूर्यही असतो, 21 डिसेंबरलासुद्धा दोनेक तास उजवीकडून डावीकडे सॉरी डावीकडून उजवीकडे सरकत जातो झाडांच्या शेंड्यांवरून.
पण थंडी! ट्रॉम्सो समुद्रामुळे उबदार, तिथे जानेवारीची सरासरी उणे 4 च्या आसपास असते, रोव्हानिएमी आत आहे, आम्हाला उणे 27 मिळालं. उणे 27 म्हणजे काय ते मनालीवरून कळणार नाही. नाकातले केस गोठून टोचतात, मिशीवर बर्फ, चष्म्यावर श्वासाची वाफ जाऊन तिथेच थिजते. फोन 60 टक्क्यांवरून धाडकन बंद. फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, पॉवरबँकपण, आणि कॅमेरा बाहेरून आत आणताना आधी झिपच्या पिशवीत बंद करून मग आत न्या नाहीतर आतून पाणी धरतं, माझी एक लेन्स अशीच गेली.
कपड्यांबद्दल एवढंच की सुती काहीही अंगाला लागून नको, बनियनसुद्धा नको. घाम आला की सुती कपडा ओला राहतो आणि मग तुम्ही कुडकुडता. आत मेरिनो लोकरीचं थर्मल, मधे फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. पायात दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका (आम्ही तेच केलं), रक्तच पोचत नाही आणि बोटं जास्त गार पडतात, एक नंबर मोठा बूट आणि एक जाड लोकरी मोजा. लहान मुलांना बोटांचे हातमोजे नकोत, पिशवीसारखे घ्या. टूरवाले वरून घालायचा जाड सूट आणि बूट बहुतेक वेळा देतात, तेव्हा इथून फार महागाचं घेऊन जाऊ नका.
आणि एक सावध करतो, आम्ही "ऑरोरा दिसण्याची हमी" अशी जाहिरात बघून टूर घेतली होती, नाव लिहीत नाही, नंतर कळलं की हमी म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडीत रिकामी सीट असेल तर फुकट न्यायचं. सीट रिकामी नव्हती. बारीक अक्षरं वाचा.

बंड्या_डोंबिवली:
एवढ्या पैशात सगळं खानदान दोनदा काश्मीर फिरून येईल. तिथेपण बर्फच आहे. लाइट्स यूट्यूबवर बघा फोर-के मध्ये.

मंजिरी_कोथरूड:
@बंड्या, काश्मीर झालंय आमचं आणि खर्च कसा करायचा हे विचारलं नव्हतं हो.
@सह्याद्री आणि फिरस्ता, खूप खूप थँक्यू. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प बसलाय म्हणजे पटलंय. आता प्रश्न असा की ट्रॉम्सोच धरलं तर सासूबाईंना रात्रीच्या त्या गाडीच्या टूरला नेता येईल का? आणि दिवसा त्यांच्यासाठी काय? आणखी एक, हसू नका, त्या विचारतायत की सूर्य उगवतच नाही तर सकाळची पूजा आणि अर्घ्य कधी द्यायचं.

अण्णा_सदाशिव_पेठ:
अर्घ्याचं उत्तर सोपं आहे, घड्याळ लावून द्यावं, दिशा दक्षिण :) पण सूनबाई, तुमच्या सासूबाईंना सांगा की त्या टिळकांच्या वाटेनेच निघाल्या आहेत. ऋग्वेदातल्या उषासूक्तांमध्ये उषा एक नाही तर अनेक, लांबत जाणारी अशी वर्णनं आहेत, त्यावरून लोकमान्यांनी 1903 साली मांडलं होतं की आपले पूर्वज ध्रुवप्रदेशात राहत असावेत. आज अभ्यासक ते मानत नाहीत, मीही मानत नाही, पण चार-चार तास लांबलेली पहाट एकदा डोळ्यांनी बघावी असं मला त्या वाचनापासून वाटत आलंय. माझं जाणं काही झालं नाही. तुम्ही बघून या आणि इथे लिहा.

सह्याद्री_ते_ओस्लो:
अण्णा, मस्त! त्या चार तासांचं हेच वर्णन मला सुचत नव्हतं.
ताई, रात्रीच्या टूरबद्दल स्पष्ट सांगतो. या गाड्या ढग चुकवत पळतात, कधी फिनलंडच्या हद्दीपर्यंत जातात (पासपोर्ट जवळ ठेवा), संध्याकाळी सहाला निघालेली गाडी रात्री एक-दोनला परत. मधे कुठे काळोखात थांबणार, आणि बाथरूम नसतं. हे कुठल्याच ब्लॉगवर लिहीत नाहीत पण 69 व्या वर्षी हाच खरा प्रश्न असतो. तेव्हा एक तर टॉयलेट असलेली मोठी बस घ्या, किंवा ठराविक कॅम्पवर जाणारी टूर घ्या जिथे तंबू, शेकोटी आणि संडास असतो. तिथे ढग आले तर नशीब, पण त्यांना बसायला जागा असते. तुम्ही दोघं आलटून पालटून एकेक रात्र गाडीच्या टूरला जा.
दिवसा: केबल कार आहे, 4 मिनिटांत 421 मीटरवर नेते, दुपारी बाराला जा म्हणजे ती गुलाबी-निळी वेळ मिळेल (वारा असला की बंद असते, सकाळी बघून निघा). सामी लोकांच्या (तिथले मूळ रहिवासी, रेनडिअर पाळणारे) कॅम्पवर रेनडिअरना खायला घालायचं, मग तंबूत शेकोटीभोवती बसून ते गोष्टी सांगतात, गातात, हे सासूबाईंना आणि लेकीला दोघींनाही आवडेल. जेवणात रेनडिअरचा रस्सा असतो, बुकिंगच्या वेळीच शाकाहारी लिहा. आणि त्यांना "तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत" असं विचारू नका, ते म्हणजे आपल्याकडे बँकेत किती आहेत विचारण्यासारखं आहे. व्हेलच्या बोटी हल्ली हेरिंग माशांच्या मागे उत्तरेला शेर्व्हॉयकडे गेल्यात, पूर्ण दिवस जातो आणि बोट हलते, त्यांना नको.
सगळ्यात मोठा धोका थंडी नाहीच, घसरणं आहे. ट्रॉम्सोत मधूनच पाऊस पडतो आणि तो रस्त्यावर काचेसारखा गोठतो. बुटाखाली लावायचे खिळे मिळतात, ब्रॉडर म्हणतात, पोचल्या दिवशी चौघांना घ्या, दुकानात शिरताना काढायचे. साडी नेसायचीच असली तर हॉटेलात नेसा, रस्त्यावर निऱ्या आणि खिळे एकत्र नकोत, माझ्या आईने करून बघितलंय.
राहायला किचनवालं अपार्टमेंटच घ्या. तुम्ही 25 ला येताय म्हणजे 25 आणि 26 दोन्ही दिवस सुट्टी, किराणा दुकानं बंद, 1 जानेवारीलाही तेच, आणि रविवारी एरवीही बहुतेक बंद. पहिल्या दोन दिवसांचं जेवण बॅगेतून. शेगडी बहुतेक इंडक्शन, तेव्हा छोटा कुकर इंडक्शनचा तळ असलेला आणा. फोडणी देताना एक्झॉस्ट लावा नाहीतर स्मोक अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग उणे पाचमध्ये खाली उतरेल.

वास्कोचो_राव:
फक्त एक ॲड करतो. कोणी उत्साहात स्वालबार्ड (नॉर्वेची अगदी उत्तरेकडची बेटं) सुचवलं तर, तिथे डिसेंबरला ट्रॉम्सोसारखा निळा उजेडसुद्धा नसतो, पूर्ण काळोख. आमच्या वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन संस्थेचं हिमाद्री स्टेशन तिथे न्यी-ओलेसुंडला 2008 पासून आहे, पण हिवाळ्यात माणसं ठेवायला त्यांनी डिसेंबर 2023 मध्ये सुरुवात केली. शिवाय स्वालबार्ड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) येत नाही, जाऊन परत यायला मल्टिपल एंट्री लागते.
व्हिसासाठी: जास्त रात्री ज्या देशात, तिथेच अर्ज. आता सगळं नॉर्वेच असेल तर नॉर्वे. 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, आत्ताच अपॉइंटमेंट बघा, दिवाळीनंतर गर्दी होते. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वयाला 45, वर सेंटरचा चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा, आणि सासूबाईंचा गुडघे-बीपी वगैरे आधीपासूनचं आहे ते त्यात धरलंय का हे विचारून घ्या, व्हिसासाठी चालणारी पॉलिसी प्रत्यक्षात उपयोगी पडेलच असं नाही.

मंजिरी_कोथरूड:
फायनल असं ठरतंय: मुंबई ते ओस्लो, तिथून लगेच ट्रॉम्सोचं विमान, ट्रॉम्सोत सलग 6 रात्री, येताना ओस्लो 1. रोव्हानिएमी गेलं. लेक दोन तास बोलत नव्हती, मग रेनडिअरला हाताने खायला घालायचं कळल्यावर सांताला माफ केलं. सासूबाईंनी थालीपीठाची भाजणी, मेतकूट, गूळपोळ्या आणि घरच्या तुपाची बरणी अशी यादी केलीये. बरणी चेक-इनमध्ये चालेल ना?

सह्याद्री_ते_ओस्लो:
भाजणी, मेतकूट बिनधास्त. तूप नाही. युरोपबाहेरून दूध-दुभत्याचं आणि मटणाचं काहीच आणता येत नाही, तूप, पेढे, चक्का, खवा सगळं त्यात आलं. पोळ्याही तूप न लावता आणा. इथे लोणी उत्तम मिळतं, पाकिटावर "उसाल्टेट" बघून घ्या, साधं घेतलंत तर खारट निघेल, आणि घरीच कढवा. वासाने अलार्म वाजत नाही, खात्री केलेली आहे.

मंजिरी_कोथरूड:
बरं. आता तुपाचं सासूबाईंना कोण सांगणार, तू की मी, यावर घरात चर्चा सुरू आहे.