तण आणि खत, दोन्ही कामं एकाच पुडीत?

काळंरान (अंबाजोगाई): पाव एकर वांगी, पूर्ण सेंद्रिय. खुरपणीची वेळ आली की बाया सोयाबीनला जातात, हे दरसालचं. म्हणून माझं मत, रोपांभोवती मक्याच्या ग्लुटेनची (मक्यातून स्टार्च काढल्यावर उरणाऱ्या प्रथिनाची) पूड टाकावी. अमेरिकेत आयोवाच्या विद्यापीठात हे सापडलं, 1991 ला पेटंटही झालं. तणाच्या बीला कोंब फुटतो पण मूळ धरत नाही. वर 9-10 टक्के नत्र आहेच. कुणाचा विरोध?

कुळव (सेनगाव): माझा. मात्रा बघितली का? दहा चौरस मीटरला किलोभर, म्हणजे तुमच्या पाव एकराला क्विंटल! कोंबडीखाद्यातला माल तो. तेवढ्या पैशात दुप्पट रोज द्या, बाया सोयाबीन सोडून येतील. आणि लव्हाळा गाठीतून फुटतो, हराळी काशीतून, म्हणजे जमिनीत पसरलेल्या खोडातून. त्यांना ही पूड म्हणजे खुराक.

काळंरान: लव्हाळ्याचं मान्य. माझ्याकडं केना, तांदुळजा, काँग्रेस गवतच जास्त.

खुरपंवाली (औसा): भाऊ, शेजारी भेंडी टोकली असेल तर तिच्याही बीचं मूळ धरणार नाही. रोपाच्या वांग्याला चालतं. पण कोंब निघाल्यावर दोन-चार दिवस उघाड पाहिजे. झडीत तण पुन्हा मूळ धरतं.

काळंरान: उघाड आपल्याकडं मागावी लागत नाही ताई!

खुरपंवाली: हसा. पण तण येतंय कुठून ते आधी बघा. मागच्या साली आम्ही अर्धकच्चं शेणखत टाकलं. पंधरा दिवसांत सऱ्या तांदुळज्यानं हिरव्यागार! (जुड्या बांधून विकला. वांग्याच्या आधी तणाचेच पैसे आले.) आता उकिरडा दोन-तीनदा पलटतो. आत हात घातला की चटका बसला पाहिजे. 55 अंशांच्या वर काही दिवस तापला तर बहुतेक बी मरतं.

कुळव: त्यापेक्षा दोन ओळींत ताग पेरा, फुलावर यायच्या टायमाला कापून तिथंच अंथरा. तण दबतं, नत्र मिळतं.

काळंरान: अन् तोवर तो वांग्याशी पाण्याला भांडणार, त्याचं काय? सोयाबीनचं भुसकट टाकलं तर?

खुरपंवाली: वरवर अंथरा, मातीत मिसळू नका. कुजताना तेच नत्र ओढून घेतं, वांगं पिवळं पडतं.

कुळव: अन् उन्हाळ्यात म्हशीपुढं काय टाकायचं?

काळंरान: मत काही बदललं नाही माझं. पण चार सऱ्यांना पूड, चारला भुसकट, चार नुसत्या खुरप्याच्या. झडी लागली तर कुळवराव, तुम्हीच जिंकलात.